जॉर्जियातल्या बाया

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही एक पिक्चर दाखवला. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी एकत्र शिवलेल्या. पिक्चर अमेरिकेतला, १९८५ सालचा, 'द कलर पर्पल'. अ‍ॅलिस वॉकर या काळ्या लेखिकेची १९८२ सालची कादंबरी. १९८३ला तिला पुलित्झर मिळालं, आणि स्टीव्हन स्पीलबर्गने त्यावर हा पिक्चर काढला. भाषा इंग्रजी, आणि तीही जॉर्जिया राज्यातल्या खेड्यातली. मी मधेमधे उभा राहून मराठीत सांगत होतो, चुकतमाकत. मी नववी नापास. इंग्रजी शिकलो ते सूतगिरणीच्या रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

पिक्चर संपला, दिवे लागले. चळवळीतला एक जुना कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "असलं काही पोरांना दाखवू नका. काळा माणूस बायकोला मारतो, बाप पोरीला नासवतो, हे दाखवायला गोरा डायरेक्टर टपलेलाच होता. उद्या आपल्यावर असंच काढतील. शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?" पोरांनी माना डोलावल्या. मागं बसलेल्या बाया काहीच बोलल्या नाहीत. अंधारात चपला शोधून निघून गेल्या.

मलाही तेव्हा काही बोलता आलं नाही. दोस्तहो, ते राहिलेलं बोलणं आता लिहितोय.

आधी गोष्ट सांगतो, थोडक्यात. १९०९ साल. सेली नावाची चौदा वर्षांची काळी पोर. ज्याला ती बाप म्हणते त्याच्यापासून तिला दोन लेकरं झालेली, दोन्ही तिच्याकडून काढून घेतलेली. मग तिला एका विधुराच्या गळ्यात बांधतात. पिक्चरभर ती त्याला नुसतं 'मिस्टर' म्हणते. धनी म्हणावं तसं. तिची धाकटी बहीण नेटी तिला घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवून वाचायला शिकवते. मिस्टर नेटीवर हात टाकायला जातो, ती प्रतिकार करते, तो तिला हाकलून देतो. पुढं वर्षानुवर्षं नेटीची पत्रं येत राहतात आणि हा गडी ती लपवून ठेवतो. मिस्टरच्या पोराची बायको सोफिया. ती कुणाचं ऐकून घेणारी नाही. आणि शग अ‍ॅव्हरी, गाणारी बाई, मिस्टरची जुनी मैत्रीण. आजारी होऊन त्याच घरात येऊन पडते आणि सेली तिची सेवा करते. सवत म्हणून दोघींचं वैर व्हायला पाहिजे होतं. होते मैत्री. कादंबरीत ती मैत्रीच्याही पलीकडे जाते, शरीराचं प्रेम होतं. पिक्चरमध्ये एका चुंबनावर भागवलंय. तिथं आपण हात आखडता घेतला हे स्पीलबर्गने पुढं स्वतःच कबूल केलं.

आता इतिहासाकडे येऊ. पिक्चरमध्ये शेतं हिरवीगार, घर प्रशस्त, संध्याकाळचं ऊन सोन्यासारखं. बघताना वाटतं, एवढं छान असेल तर यांना दुःख कसलं? मिस्टर जमीनवाला दाखवलाय, आणि काळ्यांत थोडे जमीनवाले होतेही. पण बहुतेकांची कथा निराळी होती, आणि ती कापसाची कथा आहे. दिवसरात्र नाकातोंडात कापूस घेणाऱ्या माणसाने ती सांगायलाच पाहिजे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेला धावू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ला लढाई संपली आणि भाव कोसळले. त्याच साली तिकडं गुलामगिरी कायद्याने संपली. ती बातमी आपल्याकडे कुणी मनावर घेतली असेल तर जोतीबांनी. १८७३चं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलंय, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्या मुक्त झालेल्यांचं पुढं काय झालं हे सांगत नाही.

पुढं हे झालं. प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकर जमीन द्यायची असा एका सेनापतीचा हुकूम जानेवारी १८६५ला निघाला होता. त्याच वर्षात तो नव्या राष्ट्राध्यक्षाने फिरवला आणि जमीन जुन्या मालकांना परत गेली. काळी माणसं त्याच मालकाच्या त्याच रानात अर्धेलीने राबायला लागली. मालकाची जमीन, मालकाचं खेचर, मालकाचं बी. पीक निघालं की निम्मं त्याचं. उरलेल्या निम्म्यातून वर्षभर त्याच्याच दुकानातून उधार आणलेलं पीठ, डुकराचं मांस, कापड, वर व्याज. हिशोबाची वही त्याची आणि वाचता येणाराही तोच. वर्ष संपलं की निघायचं काय? कर्ज. सालगडी म्हणजे काय हे ज्याच्या बापाला माहीत आहे, त्याला मी जास्त काय सांगू.

अ‍ॅलिस वॉकर असल्याच घरात १९४४ला जन्मली. जॉर्जियातलं इटनटन गाव, आठ भावंडांत शेंडेफळ, आईबाप अर्धेलीवर. जमीनमालक म्हणाला, काळ्यांच्या पोरांना शाळा कशाला? तिच्या आईने त्याला तोंडावर सुनावलं आणि चौथ्या वर्षीच पोरीला शाळेत घातलं. हीच पोर मोठी झाल्यावर १९७३ला फ्लोरिडात गेली आणि तणात हरवलेली एक कबर शोधत फिरली. झोरा नील हर्स्टन या जुन्या काळ्या लेखिकेची. तिच्या कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. वॉकरने स्वतःच्या पैशाने तो बसवला. भेट कधीच झाली नाही अशा बाईशी ही मैत्री. पिक्चरमधल्या मैत्रीचं मूळ मला इथं दिसतं.

आता बायांच्या कामाचं बघा. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साळखात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि महाराच्या थुंकीने धागा बाटायचा. पगार मात्र साळखात्यातच जास्त. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला हे आपल्याला पाठ आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापडगिरण्यांत हाच प्रकार निराळ्या रंगात होता. चात्या आणि माग गोऱ्यांसाठी, काळ्यांसाठी झाडू, गठ्ठे आणि आवार. साऊथ कॅरोलिना राज्याने तर १९१५ला कायदाच केला की कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगाराने एका खोलीत काम करायचं नाही, एका दारातून आतबाहेर करायचं नाही, एका जिन्याने चढायचं नाही. पाण्याची बादली आणि पेलासुद्धा वेगळा. महाडच्या आधी बारा वर्षं, सात समुद्रापलीकडे, कापसाच्या धुळीत, पाण्याचा पेला वेगळा! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ रिंगफ्रेमकडे नुसता बघत बसलो होतो.

गिरणीचं दार बंद म्हटल्यावर काळ्या बाईला उरलं काय? गोरीचं स्वयंपाकघर, गोरीचं मूल आणि गोरीची धुणी. त्यातल्या त्यात धुणीवाली बरी, कारण ती कपडे आपल्या घरी आणायची. मालकिणीच्या डोळ्यांसमोर राबायचं नाही, आपल्या अंगणात शेजारणींबरोबर राबायचं. बियरची पिंपं अर्धी कापून टब करायचे, साबण घरीच करायचा, गव्हाच्या कोंड्याची खळ काढायची, चार घरच्या बाया एका चुलीवर पाणी तापवायच्या. पोरं मधेच खेळायची. महिन्याला चार ते आठ डॉलर मिळायचे.

या अंगणातून १८८१ साली काय निघालं ऐका. अटलांटा हे जॉर्जियाचं मोठं शहर. जुलै महिन्यात वीस धुणीवाल्यांनी चर्चमध्ये बसून एक संघटना बांधली. मागणी साधी होती. सगळ्यांना एकच दर, बारा पौंड कपड्यांना एक डॉलर. आणि संप पुकारला. मग दारोदार फिरल्या. तीन आठवड्यांत वीसच्या तीन हजार झाल्या, थोड्या गोऱ्या धुणीवाल्याही आल्या. शहरातल्या गोऱ्यांचे कपडे कुठं कोरडे, कुठं ओलेच पडून राहिले. पोलिसांनी धरपकड केली, दंड ठोकले. नगरपालिकेने डोकं चालवलं : प्रत्येक धुणीवालीने वर्षाला पंचवीस डॉलर भरून लायसन काढावं. म्हणजे कुणाची तीन, तर कुणाची सहा महिन्यांची कमाई. बायांनी महापौराला पत्र पाठवलं की लायसनचे पैसे भरायला आम्ही तयार आहोत, पण मग धंदाही आमच्या ताब्यात आणि दरही आम्हीच ठरवणार. नगरपालिकेला तो ठराव गुंडाळून ठेवावा लागला. गुलामगिरी संपून सोळा वर्षंच झाली होती. यातल्या कितीतरी बाया स्वतः गुलाम म्हणून जन्मल्या होत्या, बहुतेकींना सही करता येत नव्हती. युनियनचे पुढारी म्हणतात बायांना संघटित करणं अवघड. अवघड कुणाला? ह्या तर रोज एका टबावर भेटत होत्या.

हे माहीत असलं की सोफिया समजते. पिक्चरमध्ये महापौराची बायको तिची गुटगुटीत, स्वच्छ पोरं बघून खूष होते आणि विचारते, माझ्याकडे कामाला येतेस का? सोफिया साफ नाही म्हणते. महापौर थोबाडीत मारतो. सोफिया उलटा ठोसा देते. मग जमाव, बंदुकीचा दस्ता, तुरुंग. आणि शेवटी त्याच बाईच्या घरी मोलकरीण! वर्षानुवर्षं. एक डोळा गेलेला, आवाज गेलेला. आमच्यातल्या एकाला हे अती वाटलं. म्हणाला, नुसतं नाही म्हटल्यावर एवढं होतं का? होत होतं. पहिल्या महायुद्धात 'काम करा नाहीतर लढा' असा हुकूम पुरुषांसाठी निघाला होता. १९१८ला दक्षिणेतल्या काही गावांनी तो काळ्या बायांवर लावला. नवऱ्याच्या कमाईवर घर चालवते, आपली पोरं आपणच सांभाळते, हा काळ्या बाईचा गुन्हा. तिने आपल्या घरात बसलं की गोरीच्या घरात स्वयंपाक कोण करणार?

आणि त्याच १९१८च्या मे महिन्यात, त्याच जॉर्जियात, मेरी टर्नर. नवऱ्याला जमावाने ठार केलं म्हणून तिने जाहीर आवाज उठवला, न्याय मागीन म्हणाली. आठ महिन्यांची गरोदर होती. जमावाने तिला झाडाला उलटं टांगून जाळलं, पोटातलं मूलसुद्धा सोडलं नाही. मी एवढंच लिहितो. खैरलांजी ज्यांनी वाचलीय त्यांना पुढचं सांगायला नको.

१८७७ ते १९५० या काळात अमेरिकेत चार हजारांवर काळी माणसं अशी जमावाने मारली. गोरे सांगायचे, गोऱ्या बाईची अब्रू वाचवायला मारलं. हे खोटं आहे असं ओरडून सांगितलं ते एका बाईने, आयडा बी. वेल्सने. १८९२ला मेम्फिस शहरात तिचा मित्र टॉमस मॉस मारला गेला. त्याचा गुन्हा काय? किराणा दुकान. भागीदारीतलं, चांगलं चाललेलं, समोरच्या गोऱ्याच्या दुकानाची गिऱ्हाइकं ओढणारं. मॉसच्या पोरीची आयडा धर्ममाता होती. तिने एकेका खुनाची चौकशी करून छापायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या पेपरची कचेरीच जमावाने फोडली. 'कलर पर्पल' कादंबरीत सेलीच्या खऱ्या बापाला असंच मारलेलं असतं, दुकान बरं चाललं म्हणून. पिक्चरमध्ये ही गोष्ट जवळजवळ हरवलीय, आणि माझा स्पीलबर्गवरचा खरा राग हा आहे. खऱ्या बापाला गोऱ्यांनी मारलं म्हणून सेली त्या सावत्र बापाच्या हातात सापडली. बाहेरची हिंसा आणि घरातली हिंसा यांना जोडणारा खिळा तो होता. तोच उपटला, मग पडद्यावर नुसती काळ्या पुरुषाची हिंसा उरली.

शग अ‍ॅव्हरीबद्दल थोडं. १९२० साली मॅमी स्मिथची ब्लूजची तबकडी निघाली आणि धडाधड खपली. मग कंपन्यांना कळलं की काळी माणसंही पैसे देऊन गाणी घेतात. मा रेनी ही जॉर्जियातल्याच कोलंबस गावची, बेसी स्मिथ टेनेसीची. १९१२च्या सुमाराला दोघी एकाच फिरत्या तमाशात होत्या, १९२३ला दोघींच्या तबकड्या निघाल्या. यांच्या गाण्यांत मारकुटा नवरा आहे, तुरुंग आहे, सोडून जाणं आहे, दारू आहे, बाईचं बाईवर प्रेमही आहे. चर्चवाले काळे पांढरपेशे यांना नावं ठेवायचे. आपल्याकडं तमाशातल्या बाईची कला बघायला सगळे जायचे आणि तिच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही, तसं. पिक्चरमध्ये शगला एक पाद्री बाप दिलाय, आणि शेवटी ती गात गात चर्चमध्ये जाऊन बापाच्या गळ्यात पडते. कादंबरीत असलं काही नाही. ही सारवासारव मला पटली नाही. आमच्या वस्तीत मात्र त्याच सीनला सगळ्यात जास्त डोळे पुसले गेले, हेही खरं.

आता त्या जुन्या कार्यकर्त्याच्या बोलण्याकडे येतो. तो जे बोलला, ते अमेरिकेतले काळे कार्यकर्ते १९८५लाच बोलले होते. पिक्चर लागला तेव्हा लॉस एंजेलिसला थिएटरबाहेर निदर्शनं झाली. काळ्या पुरुषाची बदनामी, गोऱ्यांची चाकरी, असं सगळं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सगळ्यात जुन्या संघटनेच्या हॉलिवूड शाखेने पिक्चरवर टीका केली. मग ऑस्करला अकरा नामांकनं मिळाली आणि एकही बक्षीस मिळालं नाही, तेव्हा त्याच शाखेने बक्षीस का दिलं नाही म्हणून तक्रार केली! वॉकरवर तर आपल्याच माणसांनी वर्षभर चिखल फेकला. वास्तविक तिने कंपनीशी करार करतानाच अट घातली होती की नटनट्या सोडून पिक्चरवर काम करणाऱ्यांत निम्मी माणसं बाया, काळे किंवा तिसऱ्या जगातली पाहिजेत. अशी अट घालणारी बाई आपल्या माणसांची वैरीण कशी?

आपल्याकडचंही सांगतो. बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' १९८६ला पुस्तकरूपाने आलं. ते लिखाण त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. कोपऱ्यात, धुळीत, जिथं कुणाचा हात जाणार नाही तिथं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितलं, पुस्तकात लिहिलं नाही. तिकडं मिस्टरने सेलीची पत्रं फरशीखाली लपवली. इकडं बाईने आपलं लिहिलेलं स्वतःच लपवलं. मी हे शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, बेबीताईंनी ते कुणाच्या भीतीने लपवलं? सवर्णांच्या?

बाबासाहेबांनी जुलै १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ला आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. पुरुषांनी पुरुषांकडून घेतलेल्या या गोष्टी आपल्याला तोंडपाठ. त्याच ब्लॅक पँथरची प्रमुख १९७४ ते १९७७ एलेन ब्राउन ही बाई होती, हे किती जणांना माहीत आहे? आणि दलित पँथरच्या पहिल्या फळीतल्या बायांची नावं सांगा म्हटलं तर आपली बोटं कितव्या नावावर अडतात? १९४२च्या जुलैत नागपूरला बाबासाहेबांनी दलित महिला परिषदेत बायांना सांगितलं होतं की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीची व्हा, गुलाम होऊ नका. ते भाषण आपण जयंतीला लावतो, लाऊडस्पीकरवर.

पिक्चरमधला हार्पो, सोफियाचा नवरा, तसा वाईट नाही. बायकोवर त्याचा जीव आहे. पण ती ऐकत नाही म्हणून तो सल्ला मागत फिरतो. बाप म्हणतो, मार. सेलीसुद्धा म्हणते, मार. स्वतः मार खाणारी सेली! सोफिया तरातरा रानातून चालत येते आणि तिला जाब विचारते. कादंबरीत त्या भांडणानंतर दोघी मिळून चिंध्यांची वाकळ शिवायला बसतात. मी हार्पोला बघत होतो आणि मला माझा दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत होता. बहिणीने संध्याकाळच्या शिवणक्लासला जायचं ठरवलं, आणि मी मित्रांना विचारत फिरलो होतो की हिला कसं अडवायचं. एकाने सांगितलं. मी तसं केलं. तिने जाब विचारला नाही. बोलणं टाकलं, पाच महिने.

पिक्चरमध्ये आणखी एक लहान प्रसंग आहे. दुकानात महापौराच्या बायकोबरोबर सोफिया येते, हातात सामानाची यादी. डोळा अधू, हात थरथरतोय, यादीतलं काही कळत नाही. सेली तिथंच असते. ती काही न बोलता यादी आपल्या हातात घेते आणि एकेक वस्तू काढून तिच्यापुढं ठेवते. बस. वाचायला शिकलेली सेली, नेटीच्या चिठ्ठ्यांवरून. पुढं जेवणाच्या टेबलावर सेली मिस्टरविरुद्ध उभी राहते, तेव्हा कित्येक वर्षं गप्प असलेली सोफिया हसते, बोलायला लागते, आणि त्या दुकानातल्या दिवसाची आठवण सांगते.

आमचा बाप दारू पिऊन आला की आईवर हात टाकायचा. शेजारची मावशी त्याच वेळी वाटी घेऊन दारात यायची, "पीठ हाय का गं वाटीभर?" बाप थांबायचा. परक्या बाईसमोर कसं मारायचं? मावशी पीठ घेऊन तिथंच बसायची, बाप झोपेपर्यंत गप्पा मारायची. लहानपणी मला वाटायचं, हिच्या घरात कायमचं पीठ कसं संपतं? आईने सांगितलं ते मावशी गेल्यावर, मयतीवरून परत येताना. पीठ कधीच संपलेलं नव्हतं.

त्या रात्री समाजमंदिरात आई शेवटच्या ओळीत होती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता तिने एकच विचारलं,

"त्या दुकानातल्या बाईला तिची पोरं मिळाली का रं?"

म्हटलं, मिळाली. घरी परत आली ती. पण तोवर पोरं मोठी झाली होती.

आई म्हणाली, "मग त्या दुसरीनं यादी वाचून दिली ते बरं केलं."